आतून लावलेली कडी

कुलूपवाल्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि दुकान त्याच इमारतीत, जिन्याखाली. दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागे. म्हणून माल दाखवायचा झाला की तो गिऱ्हाइकाला सरळ वर घरी आणायचा. त्यामुळे घरातलं प्रत्येक दार हा एक नमुना होता. मुख्य दाराला तीन कड्या आणि एक कुलूप, न्हाणीघराला फिरकी, आणि त्याच्या आईच्या खोलीला त्याच्या हयातीतलं सर्वोत्तम काम. आतून लोखंडी पत्रा मारलेला, बिजागऱ्या आतल्या अंगाला, आणि चौकटीत दार असं बसवलेलं, की गिऱ्हाइकाला तो फटीत पोस्टकार्ड घालून बघायला सांगायचा. पोस्टकार्ड जात नसे. "चोर आला तर कंटाळून परत जाईल," तो म्हणायचा. आत एक लोखंडी पलंग, एक कपाट आणि एक रेडिओ होता. चोर तसाही कंटाळला असता.

या दाराची आडवी कडी फार खाली होती. आजीचा खांदा आखडला, हात वर जाईना, तेव्हा मुलाने कुणी न सांगता एका संध्याकाळी कडी उतरवून खाली बसवून दिली. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. एवढ्या खाली आणखी कुणाचा हात पोचेल हा विचार कुणाच्या मनात आला नाही, कारण ते माणूस तेव्हा पाळण्यात होतं.

आता ते माणूस चालत होतं. ही नात दोन वर्षांची व्हायला आली होती आणि सगळ्यांना कामाला लावायची, म्हणून आजीने तिचं नाव मुकादम ठेवलं होतं. चप्पल इकडे का, उशी तिकडे का, रेडिओ बंद का, सगळीकडे तिचं बोट. शब्द थोडे होते, पण मुकादमाला फार शब्द लागत नाहीत.

तिच्या आईला हे नाव आवडत नसे. ती "बाळा" म्हणायची आणि बाळासारखंच वागवायची. त्याला कारण तिची नोकरी. रुग्णवाहिकेसाठी लोक जिथे फोन करतात तिथे ती फोन घ्यायची. कामाच्या पाळीचे सगळे तास कानात एकच विषय: पोर जिन्यावरून पडलं, पोराने बटण गिळलं, पोर बादलीत वाकलं. ज्या घरांमध्ये काहीच झालं नाही त्यांचे फोन कधी येत नाहीत, त्यामुळे तशी घरं असतात यावर तिचा विश्वास उरला नव्हता. म्हणून मुकादमला घास भरवला जाई, तोही कुस्करून. जिना कडेवर. पाणी आईच्या हाताने. आणि एकदा मुकादम मुख्य दार उघडं पाहून जिन्यापर्यंत गेली होती, तेव्हापासून एक कायदा झाला: दार लावायचं, उघडायचं नाही. लावलं की टाळ्या. उघडायला हात गेला की आईचा आवाज असा चढायचा, की खाली दुकानात गिऱ्हाईक वर बघायचं.

एवढ्या बंदोबस्तात मूल वाढतं कसं, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर आजीच्या खोलीत होतं. दुपारी जेवणं झाली की आजी म्हणायची, "मुकादम, कडी." मुकादम दोन्ही हातांनी कडी ढकलायची, दांडी आपोआप खाचेत पडायची, आजी टाळ्या वाजवायची. मग आतून रेडिओचा आवाज थोडा मोठा व्हायचा. सुनेला वाटे, दोघी झोपल्या. आत काय चालतं हे विचारण्याइतका तिला वेळ नव्हता आणि सांगण्याइतकी आजी भोळी नव्हती.

फक्त उघडायला आजीनेही शिकवलं नाही. मुकादमला कडी काढता येऊ लागली असती तर ती दार उघडून बाहेर गेली असती आणि सून आत आली असती. आजीची चोरून चाललेली शाळा बंद पडली असती.

त्या दुपारी सून कामावर जायला निघत होती. साडीची निरी घालत असताना आजीच्या खोलीतून धप्प असा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग भांड्यांचा.

"आजी?" मुकादम झाल्यापासून सगळं घर तिला आजीच म्हणत असे. "काय पडलं?"

"काही नाही गं. वाटी."

"वाटी एवढी जड?"

"वाटीबरोबर थोडी मीही पडले."

सून दाराशी धावली. दार अर्थातच लागलेलं.

"उघडा आधी."

"उठता आलं असतं तर पडले कशाला म्हटलं असतं? पाय हलत नाहीये. आणि डोकं पलंगाच्या कोपऱ्यावर आपटलंय. रक्त नाही फार. ओरडू नकोस, पोर इथे वाट्या गोळा करतेय."

सून ओरडली. नवऱ्याला फोन लावून ओरडली, मग आपल्याच नोकरीच्या ठिकाणी फोन लावला. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीनेच घेतला. "घाबरू नका, रुग्ण शुद्धीवर आहे का?"

"अगं, मी बोलतेय!"

"कळलं, ताई. पण विचारावं लागतं. रुग्ण शुद्धीवर आहे का?"

गाडी निघते म्हणाली. दार तोडायला अग्निशमनवाल्यांना कळवते म्हणाली, पण ते दुसऱ्या टोकाला एका गोदामावर गेलेत, वेळ लागेल. "कुणी कुलूपवाला बघा ना तोवर जवळपास," ती म्हणाली. तेही त्यांच्या कागदावर लिहिलेलंच होतं.

कुलूपवाला पिशवी घेऊन धापा टाकत वर आला. त्याने दार बघितलं. या शहरातली निम्मी दारं त्याने किल्ली हरवलेल्या लोकांना उघडून दिली होती, पण ती कुलपं होती. कुलपाला भोक असतं. कडीला भोक नसतं, तिला बाहेरून चेहराच नसतो. त्याने पातळ पट्टी फटीत घालून बघितली. गेली नाही. बिजागऱ्या शोधल्या. त्या आत होत्या. खिडकीचा विचार केला. तिचे गज त्यानेच भिंतीत गाडले होते. खांदा लावला. पत्र्याने नुसता हुंकार दिला.

"कुणी केलंय हे दार!" तो वैतागून म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. त्याने पिशवीतून ड्रिल काढलं.

ड्रिलचा आवाज सुरू होताच आतून, दाराच्या अगदी पाठीमागून, मुकादमने किंकाळी फोडली.

"बंद कर! दाराला चिकटून उभी आहे ती!" बायको ओरडली.

त्याने बंद केलं. आई दारावर दोन्ही तळवे मारत म्हणू लागली, "बाळा, रडू नको! घाबरू नको! हलू नको तिथून! कशाला हात लावू नको!"

मुकादम आता खरंच घाबरली आणि जोरात रडू लागली.

"मजेत होती गं ती," आतून आजी म्हणाली. "आधी तुमच्या मशीनने, मग तू." मग तिने मुकादमला सांगून बघितलं. "मुकादम, राणी, ती कडी काढ बरं. आईला आत घे."

रडणं थांबलं. मग स्पष्ट उत्तर आलं: "नाई. आई ओलडते."

कायद्याची इतकी चोख अंमलबजावणी त्या घरात पूर्वी कधी झाली नव्हती.

"नाही ओरडत गं आई," आजी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "नाही ओरडत गं आई." मग जरा वेळाने, जड जिभेने, "कोण आलंय बाहेर? पाहुणे आलेत का?"

कुलूपवाल्याला वाटलं, आई थट्टा करतेय. तिची सवयच होती. तो हसणार होता. पण बायकोचा चेहरा बघून त्याचं हसू तसंच राहिलं. डोक्याला मार, आधी बोलणं सरळ, मग तेच तेच वाक्य, मग माणूस ओळखीच्या घरात पाहुणे बघायला लागतं: हा फोन तिने अनेकदा घेतला होता. त्यातल्या काहींचं पुढे काय झालं हेही तिला माहीत होतं. यात गाडीची वाट बघत बसता येत नाही, आणि गाडी आली तरी ती दाराच्या या बाजूलाच येणार होती.

"तू खाली जा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी? मी इथे..."

"गाडीला रस्ता दाखव. जा."

तो गेला. ती जमिनीवर बसली, साडीची पर्वा न करता, आणि तोंड कडीच्या उंचीला आणलं. मग तिने तो आवाज काढला जो घरात कुणी कधी ऐकला नव्हता. सपाट, खालच्या पट्टीतला, सावकाश. नोकरीत तो पहिल्याच आठवड्यात शिकवतात. घाबरलेल्या माणसाला "नको" ऐकू येत नाही, "नको"च्या आधीचं तेवढं ऐकू येतं. एका वेळी एकच काम सांगायचं. सांगून झालं की गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यांनाच जड जातं.

"दाराशी कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

हुंदका. "मुकादम."

आईने हा शब्द कधी उच्चारला नव्हता. "मुकादम," ती म्हणाली, "कडी दिसते?"

"हो."

"कडीला हात लाव."

"नाई. आई ओलडते."

"आई सांगतेय. लाव."

आत एवढंसं डोकं दोन आयांचा हिशेब लावत होतं. एक ओरडणारी, ओळखीची. एक दारापलीकडची, हळू बोलणारी, हिची काय खात्री? शेवटी मुकादमने तोडगा काढला, "आई उघल."

"आईला उघडता येत नाही."

आईला येत नाही अशी गोष्ट जगात असते, हे मुकादमने पहिल्यांदा ऐकलं होतं. तिने खात्री करून घेतली. "बाबा?"

"बाबालापण येत नाही."

"आजी?"

"आजीलापण येत नाही. तुला येईल."

"मी," मुकादम म्हणाली. हा "मी" मघाच्या "मी"सारखा नव्हता.

कडी खडखडली. ती नुसतीच ओढत होती. दांडी खाचेतून वर उचलल्याशिवाय कडी सरकणार नव्हती, आणि "वर उचल आणि मग ओढ" ही दोन कामं होती. आईने दाराला कान लावला. हिला काय कळतं, हात कसा धरते, बोटं कशी वळतात, काहीच तिला माहीत नव्हतं. रोज तिच्या हाताने जेवणारं मूल होतं ते.

"आजी," तिने विचारलं, "तिला दांडी धर हे कसं सांगू?"

उत्तर यायला वेळ लागला. "चमचा... चमच्यासारखी धर म्हण."

"तिला चमचा धरता येतो?"

"येतो," आजी म्हणाली. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "पाणीपण ओतते. थोडं... सांडते. पण पुसते." आणि मग काहीच नाही.

सुनेचं तोंड उघडं राहिलं. रडायला ती जागा वाईट नव्हती, पण वेळ नव्हता.

"मुकादम. चमचा धरतेस ना, तशी दांडी धर."

"हं."

"आता वर. घास वर नेतेस तशी."

लोखंड लोखंडावर घासलं. आता गप्प बसायचं होतं. तिने आपलं मनगट दातांत धरलं. दांडी वर गेल्याचा आवाज आला, मग ठक्क, परत खाली पडल्याचा. पुन्हा वर. पुन्हा ठक्क. मग मुकादमने कुठल्यातरी वाटीला लाथ मारली आणि तिची पावलं दारापासून दूर गेली.

आई ओरडली नाही. वर्षानुवर्षं अनोळखी लोकांसाठी जे केलं ते तिने तेवढा वेळ केलं.

"आजी झोपली," आतून बातमी आली.

आईने डोळे मिटले. "आजीला हाक मार. मोठ्याने."

"आजी! ए आजी! ऊठ!" रागावून, मुकादमगिरीच्या सगळ्या अधिकाराने.

बऱ्याच वेळाने आतून एक "हं" आला. एवढासाच.

"शाब्बास. आता दाराशी ये."

पावलं आली.

"चमचा."

दांडी उचलली गेली.

"वर धरून ठेव. आता दुसऱ्या हाताने ओढ."

दुसऱ्या हाताचं काम आजीच्या शाळेत झालं होतं की नाही, हे विचारायला आता कुणी नव्हतं. खालून जिन्यात माणसांचे पाय ऐकू आले, नवऱ्याचा आवाज, "चौथा, चौथा मजला," आणि स्ट्रेचर कठड्याला आपटल्याचा. आईने बसल्या जागेवरून, उघड्या मुख्य दारातून, त्यांना हाताने जिन्यातच थांबवलं. हिरव्या सदऱ्यातली दोन माणसं आणि एक कुलूपवाला पायऱ्यांवर श्वास रोखून उभे राहिले. अर्ध्या वितीचा लोखंडाचा तुकडा इकडून तिकडे जायची ते वाट बघत होते.

कडी सरकली.

कुलूपवाल्याने तो आवाज ओळखला आणि धावत आत दाराशी पोचला. बायकोने त्याचा पाय धरला. "मागे हो," ती दाराला म्हणाली. "मागे, अजून मागे. आता दार ओढ."

दार उघडलं. मुकादम दाराला लटकली होती, नाक वाहत होतं, एका पायात आजीची चप्पल. "मी उघललं," ती म्हणाली.

आई तिच्या शेजारून आत गेली. तिच्याकडे न बघता गेली, कारण बघितलं असतं तर थांबली असती. मागोमाग हिरवे सदरे गेले. त्यांच्यातला एक म्हणाला, "पोरीला बाजूला घ्या." बापाने तिला उचललं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"मी उघललं," मुकादमने त्याच्या कानात सांगितलं. त्याने मान हलवली. तिला ते पुरेसं वाटलं नाही. स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा तिने ते आजीलाही सांगितलं, मग बापाच्या कडेवरून कठड्याखाली वाकून सगळ्या जिन्याला सांगितलं. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम माणूस बहुधा अशाच गर्दीत करतं.

डोक्यात रक्त साचायला लागलं होतं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी ते काढलं, आणि आणखी उशीर झाला असता तर काय, हे वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. उरलेलं अर्धं सुनेला पाठ होतं. पाय मोडला होता, त्याचं नंतर बघू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने डोळे उघडले, डोक्याचं बँडेज चाचपलं आणि म्हणाली, "सगळे केस काढले का मेल्यांनी?"

"अर्धेच," सून म्हणाली.

"मग उरलेले कशाला ठेवले?" थोडा वेळ ती छताकडे बघत राहिली. "कडी तिने काढली?"

"तिनेच."

"एकटीने?"

"एकटीने."

आजीने उसासा टाकला. त्यात अभिमान होता, पण नुसता अभिमान नव्हता. "म्हणजे आता ती आत थांबायची नाही."

सूनही छताकडे बघू लागली. तिथे काही नव्हतं. "वाट्या कशाला काढत होतात कपाटावरून?"

"पाणी ओतायला. दोन वाट्या, इकडून तिकडे. तू बघशील म्हणून पलंगावर चढून वर ठेवल्या होत्या."

"आणखी काय काय येतं तिला?"

"सांगेन सावकाश. एका दिवसात सगळं सोसायचं नाही तुला." आजीने डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "जिना उतरते. पोटावर, उलटी. कडेवर घ्यायला गेलीस तर चावेल."

सुनेने आजीची चादर नीट केली, जी नीटच होती.

दुपारी नवरा दुकान बंद ठेवून घरी होता म्हणून ती आंघोळीपुरती घरी आली. चार मजले चढून तिने बेल वाजवली. आत नवऱ्याची पावलं दाराकडे आली.

"मी!" आतून मुकादम गरजली. "मी मी मी!"

नवऱ्याची पावलं थांबली. "तू आहेस का?" त्याने दारातून विचारलं. "ती म्हणतेय, तीच उघडणार. काय करू?"

आईच्या छातीत ते नेहमीचं उठलं, उघडं दार, जिना, कठडा, कालचे आणि परवाचे सगळे फोन. ते तिथेच राहिलं. बहुधा आता ते तिथेच राहणार होतं, मुकादमला काहीही यायला लागलं तरी.

"करू दे," ती म्हणाली.

खालची कडी खडखडू लागली. वरच्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन जिना चढत आले आणि तिला बंद दारासमोर उभी बघून थबकले. "किल्ली विसरलात? कुलूपवाल्याच्या घरी?"

"आहे की पर्समध्ये."

"मग?"

"आत काम चालू आहे."

काकांनी दाराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि शिकलेल्या बायकांशी वाद घालू नये अशा चेहऱ्याने वर निघून गेले.

ठक्क. खालची कडी निघाली. मग फरशीवरून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. मधल्या कडीसाठी स्टूल असावं. नवरा "सावकाश" म्हणाला आणि मुकादमने त्याला गप्प केलं. वरची कडी तिच्या हाताला यायला अजून काही वर्षं लागणार होती. ते तिला अजून माहीत नव्हतं, आणि सांगायची घाई दाराच्या दोन्ही बाजूंना कुणालाच नव्हती. आई पायरीवर बसली.